सिंबियन, एन-७० आणि पालखीचे मुक्काम

नोकिया ६६०० कुणाकुणाकडे होता, असं विचारलं तर माझ्या वयाची निम्मी मंडळी हात वर करतील. २००३ सालचा तो गोलमटोल फोन. आत १०४ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, स्क्रीन १७६ बाय २०८ ठिपक्यांची. आणि वर आपल्या मर्जीनं सॉफ्टवेअर टाकता येई. पुण्यात तापकीर गल्लीतले दुकानदार मेमरी कार्डात गाणी भरून देत, त्यांबरोबर दोन-चार गेम आणि एखादा फाइल मॅनेजरही भरून देत. ते सगळं कुणीतरी कुठेतरी बसून लिहीत होतं. २००६ नंतर काही वर्षं त्या लिहिणाऱ्यांत मी होते.

हल्ली सिंबियनची, म्हणजे त्या फोनमधल्या ऑपरेटिंग सिस्टीमची, आठवण निघाली की दोनच गोष्टी ऐकू येतात. एक म्हणजे 'काय मजबूत फोन होते', आणि दुसरी, 'त्यावर प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे शिक्षा होती'. पहिल्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. दुसऱ्याबद्दल आहे. शिक्षा दोन वेगवेगळ्या होत्या आणि लोक त्यांची गल्लत करतात. एकीला कारण होतं. दुसरीलाही कारण होतं, पण ती ज्यांनी भोगली त्यांना बदल्यात काहीच मिळालं नाही.

आमची कंपनी बाणेर रोडवरच्या एका बंगल्यात होती. ग्राहक युरोपातला. काम असं, की फोनमधले नंबर आणि कॅलेंडर सर्व्हरवर नेऊन ठेवायचे, फोन हरवला तर नव्या फोनवर परत आणायचे. आज हे कुणी काम म्हणूनही मोजणार नाही. कॉलेजात मी सी++ बऱ्यापैकी शिकले होते. आमच्या लीडनं पहिल्याच आठवड्यात नियमांचा छापील गठ्ठा हातात दिला आणि म्हणाला, "तुझं सी++ तुझ्यापाशी ठेव. इथलं वेगळं आहे."

वेगळं म्हणजे किती, ते सांगते. साधी अक्षरांची ओळ साठवायची तर नेहमीची स्ट्रिंग नव्हतीच. तिच्या जागी डिस्क्रिप्टर. त्याचे प्रकार: टीबफ, टीबफसी, टीपीटीआर, टीपीटीआरसी, एचबफसी, आणि नंतर भर पडलेला आरबफ. कोणता स्टॅकवर (फंक्शन संपताच आपोआप रिकाम्या होणाऱ्या मेमरीत) राहतो, कोणता हीपवर (मागून घ्यायच्या आणि आपणच परत करायच्या मेमरीत), कोणता नुसता दुसऱ्याच्या मेमरीकडे बोट दाखवतो, हे पाठ झाल्याशिवाय 'नमस्कार' एवढंही स्क्रीनवर उमटत नसे. क्लासच्या नावाचं पहिलं अक्षर टी, सी, आर किंवा एम. त्यावरून तो कुठे जन्मणार आणि कोण साफ करणार ते कळे. मेंबर व्हेरिएबल 'आय'नं सुरू, फंक्शनला आलेलं आर्ग्युमेंट 'ए'नं. फंक्शनच्या नावाच्या शेवटी 'एल' असेल तर ते मध्येच सोडून जाऊ शकतं, म्हणजे लीव्ह होऊ शकतं. 'एलसी' असेल तर जाताना क्लीनअप स्टॅकवर काहीतरी ठेवून जातं. हे नुसतं वळण नव्हतं. 'एल' लावायला विसरलात तर लीव्हस्कॅन नावाचं अवजार तुमची यादी छापायचं, आणि ती यादी रिव्ह्यूला सगळ्यांसमोर उघडली जायची.

हे सगळं आलं कुठून? सिंबियन फोनवर जन्मलेलं नाही. लंडनच्या सायन कंपनीच्या खिशातल्या संगणकांवर वाढलेलं आहे. १९९७ सालचा सायन सिरीज ५ घ्या. दोन पेन्सिल सेल, सुमारे १८ मेगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर, ४ किंवा ८ एमबी मेमरी. त्यावरची ईपॉक ही सिस्टीम. १९९८ च्या जूनमध्ये सायन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला एकत्र आले आणि तिचं सिंबियन झालं. खिशातला संगणक महिनोन् महिने बंदच करत नाहीत. रोज रात्री रीस्टार्ट करून सांडलेली मेमरी गोळा करण्याची सोय नाही. तेव्हा ज्यांनी ही सिस्टीम लिहिली त्यांनी धरून चालायचं ठरवलं, की मेमरी संपणार आहे. कधीतरी नाही, आजच, या ओळीला. आणि त्या काळच्या जीसीसी कंपायलरला सी++ चे एक्सेप्शन (काही बिनसलं की मध्येच बाहेर पडायची भाषेतली सोय) नीट झेपत नव्हते, म्हणून त्यांनी आपली स्वतःची लीव्ह, ट्रॅप (लीव्ह झेलणारा सापळा) आणि क्लीनअप स्टॅकची व्यवस्था बांधली.

ती अशी चाले. हीपवर एक वस्तू बनवली, पॉइंटर म्हणजे तिचा पत्ता हातात आला. पुढच्या ओळीत दुसरी वस्तू मागितली आणि मेमरी नाही म्हणून तिथून लीव्ह झालं, तर हातातला पॉइंटर गेला आणि त्याची मेमरी कायमची अडकली. म्हणून पहिली वस्तू हातात आल्याबरोबर क्लीनअप स्टॅकवर ढकलायची. काम झालं की काढून घ्यायची. मध्ये काही बिनसलं तर सिस्टीम त्या स्टॅकवरचं सगळं स्वतः मोडते. कन्स्ट्रक्टरच्या, म्हणजे वस्तू जन्मताना चालणाऱ्या फंक्शनच्या, आत मात्र लीव्ह चालत नाही, कारण अर्धवट जन्मलेल्या वस्तूचा पत्ता अजून कुणाकडेच नसतो. म्हणून जन्म दोन टप्प्यांत: आधी साधा कन्स्ट्रक्टर, मग कन्स्ट्रक्टएल, आणि दोन्हींना गुंडाळणारा न्यूएल. एकदा हात बसला की हे यांत्रिक होतं. माझ्या बोटांना अजून आठवतं.

खरी मजा होती ती चाचणीत. हीपला सांगता येई, की आता मेमरीची पहिलीच मागणी नाकार. ॲपचा तो भाग चालवायचा. मेमरी न मिळाल्यामुळे तो लीव्ह झाला पाहिजे, आणि आधीची मेमरी तंतोतंत परत आली पाहिजे. मग दुसरी मागणी नाकारायची. मग तिसरी. असं करत करत पूर्ण भाग एकदाही न अडखळता पार पडेपर्यंत चक्र चालू. कॅलेंडरची एक नोंद वाचायला केवढ्या मागण्या लागतात हे तिथे पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी दिसलं. चाचणीची डीबग बिल्ड एम्युलेटरवर (संगणकावरच्या नकली फोनवर) बंद करताना एक बाइट जरी मागे राहिला तरी 'ॲलॉक' असं लिहून, पुढे त्या बाइटचा पत्ता देऊन ॲप तिथल्या तिथे कोसळायचं. काणाडोळा करण्याची सोयच नाही. गळका कोड घेऊन घरी जाता येत नसे, कारण एम्युलेटर नीट बंदच होत नसे.

एकाच वेळी अनेक कामं करायची तर थ्रेड न वापरता ॲक्टिव्ह ऑब्जेक्ट वापरायचे. एक विनंती पाठवायची, झोपायचं, उत्तर आलं की रनएल हे फंक्शन जागं होतं. सतत 'झालं का, झालं का' विचारत बसायचं नाही, म्हणजे प्रोसेसर झोपू शकतो. ते फोन दोन-तीन दिवस चार्जरशिवाय चालायचे त्यात या शिस्तीचाही वाटा होता. फक्त सेटॲक्टिव्ह न म्हणता विनंती पाठवली, की 'ई३२यूजर-सीबेस ४६'. बेवारस सिग्नल आला, कुणाचा ते माहीत नाही, सबब ॲप मेलं.

हे आकडे आमच्या बोलण्यात सहज असत. 'कर्न-एक्झेक ३' म्हणजे नसलेल्या पत्त्यावर हात घातला. 'यूजर ११' म्हणजे डिस्क्रिप्टरच्या मापापेक्षा जास्त मजकूर कोंबला. जेवणाच्या टेबलावर कुणी म्हणालं, "आज दिवसभर सेहेचाळीस," तर बाकीच्यांना पुढचं विचारायची गरज पडत नसे. गंमत म्हणजे फोन हा आकडा आपणहून दाखवत नसे. नुसतं 'ॲप्लिकेशन बंद झालं' म्हणून मोकळा. आकडा हवा असेल तर फोनच्या सी ड्राइव्हवर ठरावीक फोल्डरमध्ये 'एररआरडी' नावाची एक रिकामी फाइल ठेवायची. आत काही लिहायचं नाही. ती आहे एवढंच सिस्टीम बघते. लॉगचंही असंच: लॉग्जच्या आत आपल्या नावाचं फोल्डर आधीपासून असेल तरच त्यात ओळी पडणार, नसेल तर लिहिणारा मुकाट्यानं काहीच लिहीत नाही. युरोपातल्या ग्राहकाच्या ग्राहकाला फोनवरून सांगायचं, की आधी एक्स-प्लोर हा फाइल मॅनेजर टाका, मग सी ड्राइव्हवर जा, मग हे फोल्डर बनवा, आता पुन्हा बिघडवून दाखवा. माणसं सोशिक होती.

अवजारांबद्दल थोडक्यात. एसडीके, म्हणजे ॲप लिहायच्या अवजारांचा संच, ज्या फोल्डरमध्ये टाकाल त्याच्या नावात मोकळी जागा चालत नसे. पर्ल ही भाषा बसवावी लागे, कारण बीएलडीमेक आणि एबीएलडी हे बिल्ड करणारे प्रोग्रॅम पर्लमध्ये होते. एम्युलेटर सुरू करून चहाला जायचं. शिवाय तो एम्युलेटर म्हणजे खरा फोन नव्हेच. आपला कोड तो विंडोजच्या इंटेल प्रोसेसरसाठी वेगळा कंपाइल करून चालवायचा. फोनवर थ्रेडला मूळचा स्टॅक ८ केबी. एम्युलेटरवर विंडोजचा ऐसपैस. म्हणजे इथे झोकात चाललेलं तिथे पहिल्या मिनिटाला आडवं. फोनवर थेट डीबग करण्याची सोय कार्बाइडच्या, म्हणजे आम्ही कोड लिहायचो त्या सॉफ्टवेअरच्या, महागड्या आवृत्तीत होती. आमच्याकडे फुकटातली. म्हणून फोन हवेत, खूप फोन. ते एका कुलपाच्या कपाटात असत आणि घेताना वहीत सही करावी लागे. शुक्रवारी संध्याकाळी नोकियाचा एन-९५ कुणाच्या नावावर आहे यावरून भांडणं झालेली मला आठवतात.

आता वारीकडे येते.

माझं माहेर लोणंद. माउलींची पालखी लोणंदला मुक्कामी असते, त्यामुळे वारी आमच्या दारातूनच जाते. माझे काका दरवर्षी एका दिंडीबरोबर चालतात. २००७ साली त्यांच्याकडे नोकियाचा एन-७० आला. चुलतभावानं इंग्लंडहून आणलेला. फोन झकास, पण त्याला देवनागरी ठाऊक नव्हती. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच संचांत हिंदीची सोय असे. त्या संचात नव्हती. मराठी मेसेज आला की चौकोनांची रांग दिसे. काका म्हणाले, "पोरी, तू फोनचंच काम करतेस ना? मग यात मला पालखीचे मुक्काम मराठीत घालून दे. कुठल्या तारखेला कुठं, एवढंच. कागद भिजतो."

मागणी रास्त होती. आषाढातला पाऊस खिशातल्या छापील पत्रकाचा लगदा करतो.

फोनमध्ये फॉन्टच नाही आणि तो बाहेरून घालून फायदा नाही, कारण जोडाक्षरं जुळवणारी यंत्रणाही तिथे नाही. नुसती अक्षरं एकापुढे एक मांडली तर माळशिरसची वेलांटी 'श'च्या मागे जाऊन बसते आणि वाल्हे म्हणजे 'ल', पाय मोडल्याची खूण आणि 'हे' अशी मोडतोड होते. सामान्य उपाय लिहायचा म्हणजे लेखनयंत्रणाच लिहायची. पण मला सामान्य उपाय हवा कशाला होता? मला लागणारी नावं मोजकी: आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर. वर महिन्यांची नावं, वार, आकडे. एवढ्या शब्दांत येणारे अक्षरांचे तुकडे तेवढे संगणकावर रंगवले, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत, आणि बीएमकन्व्ह या अवजारानं त्यांची एक एमबीएम, म्हणजे सिंबियनची चित्रांची, फाइल केली. मुक्कामाचं नाव म्हणजे युनिकोड मजकूर न ठेवता तुकड्यांच्या क्रमांकांची यादी, डोळ्याला दिसतात त्याच क्रमानं. वेलांटी आधी, मग श. जुळवाजुळव फोननं करायचीच नाही, मी आधीच करून ठेवलेली. वाचायला मोठी अक्षरं हवीत म्हणून एका स्क्रीनवर एकच मुक्काम. वर-खाली दाबलं की आदला किंवा पुढचा दिवस. टचस्क्रीन नव्हती त्याचा इथे फायदा झाला. एका हातात पताका आणि दुसऱ्या अंगठ्यानं चालेल असं ते आपोआप झालं.

तिथी मोजून मुक्काम काढायचे असा मोह मला झाला नाही, बरं झालं. तिथीच्या वाढीघटीनं वेळापत्रक बदलतं. आमच्या लोणंदचाच मुक्काम एखाद्या वर्षी एक दिवसाचा, एखाद्या वर्षी दोन. २००७ साली तर अधिक ज्येष्ठ होता, म्हणून सगळंच पुढे गेलेलं. दरवर्षी छापील पत्रक निघतं, ते बघून तक्ता भरायचा आणि नवी फाइल द्यायची. हा तक्ता ठेवायलाही सिंबियनचे नखरे. एन-७० वर प्रत्येक ॲप म्हणजे प्रत्यक्षात एक डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रॅमनं उघडून वापरायची कोडची फाइल) असे, आणि डीएलएलमध्ये बदलता येणारा ग्लोबल डेटा चालत नसे. साध्या आकड्यांची कॉन्स्ट, म्हणजे न बदलणारी, यादी चालते. पण कन्स्ट्रक्टर असलेल्या क्लासची यादी, पुढे कॉन्स्ट लावली तरी, धावताना भरली जाते, आणि मग बिल्डच्या अगदी शेवटच्या पायरीला पेट्रान नावाचा प्रोग्रॅम सांगतो, की तुमच्या फाइलमध्ये अनइनिशियलाइज्ड डेटा आहे. कुठे आहे ते सांगत नाही. तो शोधणं हा वेगळा खेळ. या हट्टामागेही हिशेब होताच: एक डीएलएल दहा प्रोसेस वापरत असतील तर प्रत्येकीसाठी त्या डेटाची वेगळी प्रत काढावी लागणार, आणि मेमरी कुठे होती?

तर ते ॲप झालं. सिस फाइल, म्हणजे ॲप बसवायची फाइल, जेमतेम काही केबीची. काकांच्या फोनवर ब्लूटूथनं टाकली. दिंडीत चार लोकांनी बघितली, त्यांनी मागितली, आणि ती एका फोनवरून दुसऱ्यावर जायला लागली. माझ्या कुठल्याही व्यावसायिक सॉफ्टवेअरला असा प्रसार कधी मिळालेला नाही.

आणि मग फलटणहून फोन आला. पलीकडे अनोळखी माणूस. "माऊली, तुमचं ते मुक्कामाचं आमच्या यंत्रावर बसंना."

त्यांच्याकडे एन-७३ होता. आणि इथे दुसरी शिक्षा सुरू होते.

एन-७० २००५ चा, एन-७३ २००६ चा. दुकानात शेजारी-शेजारी ठेवलेले, मेनूही बहिणी-बहिणींसारखे. पण मध्ये सिंबियन ९ आलं होतं, आणि आधीची एकही सिस फाइल त्यावर चालत नव्हती. कंपायलर बदलला, बायनरीची रचना बदलली, ॲप आता डीएलएल न राहता स्वतंत्र ईएक्सई झालं, फाइली ठेवायच्या जागा बदलल्या. प्रत्येक ॲपला स्वतःचं प्रायव्हेट फोल्डर, दुसऱ्याच्या फोल्डरात डोकावायची बंदी. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे केपेबिलिटी: नेटवर्क वापरायचं तर त्याची परवानगी, लोकांचे नंबर वाचायचे तर त्याची, लिहायचे तर आणखी वेगळी. शिवाय प्रत्येक सिस फाइलवर सही हवीच, म्हणजे ती कुणी बनवली ते सांगणारी डिजिटल मोहोर.

याला कारण होतं म्हणाले ते असं. २००४ साली काबीर नावाचा किडा निघाला होता. तो ब्लूटूथवरून सिरीज ६० च्या, म्हणजे आमच्यासारख्या सिंबियनवाल्या नोकियांच्या मालिकेतल्या, फोनवर पसरायचा. शेजारच्या माणसाला 'हे घ्यायचं का' विचारायचा, आणि माणसं 'हो' म्हणायची. माझं मुक्कामाचं ॲप ज्या वाटेनं दिंडीभर गेलं, त्याच वाटेनं. तेव्हा कुलूप लावायला हवं होतं यावर माझा वाद नाही. आज अँड्रॉइडवर आणि आयफोनवर आपण 'संपर्क वाचू द्यायचे का' या प्रश्नाला जे उत्तर देतो, त्याचाच हा आधीचा अवतार, आणि आतून तो भक्कम बांधलेला होता.

माझ्या ॲपला कसलीच केपेबिलिटी लागत नव्हती. मी दुसरी बिल्ड केली, मेककीज या अवजारानं स्वतःचंच प्रमाणपत्र बनवलं, सही केली. तरी एन-७३ नाही म्हणाला, कारण त्याच्या सेटिंगमध्ये 'फक्त सही केलेलं' निवडलेलं होतं, आणि घरगुती सहीला तो सही मानत नव्हता. मग त्या माऊलींना फोनवरून: मेनूत जा, ॲप्लिकेशन मॅनेजर शोधा, त्यावर उभं राहून ऑप्शन्स, सेटिंग्ज, सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन, तिथे 'सगळं' करा. मागे टाळ वाजत होते. झालं ते. मग आणखी एकाचा फोन: त्याला 'प्रमाणपत्र अजून वैध नाही' असं काहीतरी दिसत होतं. बॅटरी काढून घातल्यावर फोनचं घड्याळ मागच्या कुठल्यातरी वर्षात गेलं होतं, आणि सहीचं प्रमाणपत्र तेव्हा जन्मलेलंच नव्हतं. तारीख नीट करायला सांगितली. नाहीतर मुक्कामही चुकीचाच दिसला असता. मेककीजचं प्रमाणपत्र वेगळं काही न सांगता केलं तर एक वर्षाचं असतं. माझ्या कामाला ते नेमकं पुरे होतं. पुढच्या आषाढीला नवं वेळापत्रक आणि नवं प्रमाणपत्र.

ही घरची कथा. ऑफिसातली कमी गोड होती. आमच्या बॅकअपच्या ॲपला फोन चालू होताच आपोआप चालू व्हायचं होतं, आणि घरगुती सहीवर ते होत नसे. म्हणजे सिंबियन साइन्ड या अधिकृत सहीच्या योजनेकडे जाणं आलं. त्यासाठी आधी कंपनीच्या नावे पब्लिशर आयडी, वर्षाला साधारण २०० डॉलर. एकट्यादुकट्या माणसाला तो मिळतच नसे, कंपनीच लागे. मग ॲप चाचणी करणाऱ्या संस्थेकडे, तिची फी वेगळी. त्यांची यादी मी कधी हसण्यावारी नेली नाही: चालू असताना फोन आला तर ॲप मध्ये येतं का, मेमरी कमी असताना कोसळतं का, काढून टाकल्यावर कचरा ठेवतं का. हे प्रश्न बरोबर होते. पण एक ओळ दुरुस्त केली की पुन्हा रांग. पुढे एक्स्प्रेस साइन्ड ही सोपी वाट आली आणि जरा हलकं झालं. आणि हे सगळं होईपर्यंत स्वतःच्याच टेबलावरच्या फोनवर स्वतःचंच ॲप चालवायचं, तर त्या फोनचा आयएमईआय देऊन डेव्हलपर प्रमाणपत्र घ्यायचं. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून कपाटातल्या प्रत्येक फोनचा पंधरा आकडी क्रमांक उतरवायचा. नवा फोन आला की पुन्हा.

लोकांनी यातून वाटा काढल्याच. चिनी संकेतस्थळं आयएमईआय पाठवला की प्रमाणपत्रं फुकट देऊ लागली. २००८ च्या सुमारास सिरीज ६० च्या तिसऱ्या आवृत्तीचं, म्हणजे एन-७३ सारख्या सिंबियन ९ च्या फोनांचं, संरक्षणच फोडणारी अवजारं निघाली, आणि कॉलेजची पोरं आपापले एन-७३ 'हॅक' करून हिंडू लागली. म्हणजे ज्यांना चोऱ्या करायच्या त्यांना वाट होती. शनिवारी-रविवारी बसून काहीतरी बरं लिहू पाहणाऱ्या एकट्या माणसाला नव्हती.

इथे कुणीतरी म्हणेल, की ॲपलनंही तेच केलं. बरोबर. २००८ च्या जुलैत ॲप स्टोअर उघडलं तेव्हा तिथेही वर्षाला ९९ डॉलर होते, सही होती, परीक्षा होती, आणि परीक्षेचे निकष सिंबियनपेक्षा लहरी. पण तिथे जकात भरून वेशीतून आत गेलं की आत बाजार भरलेला होता: दुकान, गिऱ्हाईक, पैसे घेण्याची सोय, एका फोनचं एकच माप. आमच्याकडे जकात भरून आत जावं तर माळरान. सही झालेली सिस फाइल घेऊन पुढे काय? आपल्याच संकेतस्थळावर ठेवा, किंवा मोबाइल कंपनीच्या दारात उभे राहा. ग्राहकाकडे ती उतरवून घ्यायला जीपीआरएस, म्हणजे तेव्हाचं मोबाइल इंटरनेट, हवं, त्याची सेटिंग हवी, आणि ॲपनं विचारलं की 'कुठलं ॲक्सेस पॉइंट' तर त्या यादीतून बरोबर नाव निवडायची अक्कल हवी. यादीत दोन नावं असत. एक मोबाइल कंपनीच्या पोर्टलपुरतं, एक खऱ्या इंटरनेटचं. निम्मे लोक पहिलं निवडत आणि आमचं ॲप बंद आहे म्हणून कळवत. नोकियाचं ओव्ही स्टोअर २००९ च्या मे महिन्यात आलं. तोपर्यंत आमच्या बंगल्यातले दोघे आयफोनच्या कामाला लागले होते.

म्हणून मला राग आहे तो डिस्क्रिप्टरवर नाही. मेमरीची शिस्त मी तीन वेळा शिव्या देऊन शिकले आणि ती शिकल्याचा मला आजही उपयोग होतो. फार तर एवढं म्हणेन, की ४ एमबीसाठी आखलेले नियम ६४ एमबीच्या फोनवर तसेच राहिले, तेव्हा कुणीतरी बसून त्यातले निम्मे सैल करायला हवे होते. तसे ६४ एमबीही फार नव्हते. पहिला एन-९५ आठवा: सगळं चालू झाल्यावर हातात साधारण २० एमबी उरत, ब्राउझर उघडला की मागचं गाणं बंद. मग नव्या फर्मवेअरमध्ये डिमांड पेजिंग आलं, म्हणजे लागेल तेवढाच कोड मेमरीत आणायचा, आणि त्याच फोनला हवा मिळाली. हार्डवेअर तेच. असलं काम करणारे लोक त्या सिस्टीमच्या मागे होते हे विसरलं जातं.

२००८ मध्ये नोकियानं ट्रोलटेक ही कंपनी घेतली आणि तिचं क्यूटी, म्हणजे ॲप लिहायची तयार सामग्री, आलं. क्यूटीमध्ये स्ट्रिंग म्हणजे स्ट्रिंग होती. पहिला प्रोग्रॅम चालला तेव्हा शेजारचा सहकारी म्हणाला, "हे इतकी वर्षं कुठं होतं?" २०१० च्या फेब्रुवारीत सिंबियनचा सगळा सोर्स कोड खुला झाला, मी तो उतरवून घेतला आणि क्लीनअप स्टॅक आतून कसा आहे ते एकदाचं वाचलं. ११ फेब्रुवारी २०११ ला नोकियानं मायक्रोसॉफ्टबरोबर जायचं जाहीर केलं. सोमवारी ऑफिसात चर्चा झाली ती फारशी सिंबियनची नव्हती, अँड्रॉइडचं प्रशिक्षण कुणाला आधी मिळणार याची होती. २०१२ चा ८०८ प्युअरव्ह्यू हा शेवटचा सिंबियन फोन. तो मी घेतला नाही, पण दुकानात जाऊन हातात धरून बघितला.

वारीचं ॲप मी पुढेही काही वर्षं, काकांनी फोन बदलेपर्यंत, नव्या तक्त्यानं देत राहिले. आता मुक्कामांचं वेळापत्रक व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून येतं आणि ते पुरतं.

मी आता अँड्रॉइडवर काम करते. तिथली सिस्टीम अगदी उलट विचारानं बांधलेली आहे. सिंबियन म्हणे, मेमरी संपली तरी ॲपनं तग धरला पाहिजे. अँड्रॉइड म्हणतं, मेमरी संपली की मी मागचं ॲप मारीन; त्यानं आपली अवस्था आधीच लिहून ठेवावी आणि पुन्हा उठावं. कोड रिव्ह्यूला बसले की माझ्या तोंडून अजून निघतं, "इथे मेमरी मिळाली नाही तर?" समोरचा मुलगा जरा थांबतो आणि म्हणतो, "मॅम, मरेल. परत उघडेल." अँड्रॉइडपुरतं हे उत्तर बरोबर आहे. मी मान्यतेचं बटण दाबते.